चंपूताईंचं बदामाचं झाड

चंपूताई चहा चालता चालता प्यायच्या. कपबशी हातात घेऊन मागच्या व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या फेऱ्या व्हायच्या आणि चौथ्या-पाचव्या फेरीला कप रिकामा व्हायचा. बशीत थेंब सांडायचा नाही. लग्न होऊन मी गिरगावातल्या त्या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला हे दिसलं. मला वाटलं, घरात कुणीतरी फार आजारी असावं, म्हणून या बाई अशा येरझाऱ्या घालताहेत. मी यांना विचारलं, तर हे दाढी करता करता म्हणाले, "कुणी आजारी नाही. त्या चंपूताई. त्या अशाच."

घर धराधरांचं होतं. रस्त्याच्या बाजूला मालक आणि मागच्या बाजूला आम्ही चार भाडेकरू. मालक नानासाहेब धराधर सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, विधुर. चंपूताई त्यांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला तेव्हा त्या भावाकडे परत आल्या आणि तिथेच राहिल्या. मी पाहिल्या तेव्हा पन्नाशीच्या जवळ आल्या असतील. उंच, कोरड्या अंगाच्या, पदर कमरेला घट्ट खोचलेला. घरात त्यांना काम नव्हतं असं नाही, पण त्यांच्या जिवाला पुरेल एवढं ते नव्हतं. धुतलेली भांडी पुन्हा घासायच्या. वाळत घातलेले कपडे अर्ध्या तासाने उलटे करून घालायच्या. पायरीवर तुमच्याशी बोलायला बसल्याच, तर दोन वाक्यांनी उठून उभ्या राहायच्या आणि उरलेलं बोलणं जिन्यात संपवायच्या.

दुसरी खोड म्हणजे नाव विचारणं. भाजीवालीचं नाव, तिच्या गावाचं नाव, तिच्या टोपलीतल्या अनोळखी पाल्याचं नाव. कठड्यावर एखादा पक्षी आला तरी "हा कोण?" म्हणून सगळ्या बिऱ्हाडांत विचारून यायच्या. नाव कळलं नाही की चपलेत खडा गेल्यासारख्या दिवसभर अस्वस्थ. मला एकदा म्हणाल्या, "शालू, मला शाळेत चौथीपर्यंतच ठेवली. मग उरलेलं असं विचारत विचारतच शिकायचं ना?"

आणि त्यांच्याच परसात एक भलंथोरलं झाड होतं, ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

झाड त्यांच्या वडिलांच्या आधीपासूनचं. बुंधा सरळ, करडा, दुसऱ्या मजल्याच्या वर जाऊन फांद्या फुटलेल्या. पानं हाताच्या पंजासारखी, एका देठाला सात-आठ बोटं. नानासाहेब त्याला सावर म्हणायचे. आमच्या शेजारचे गुप्ते मास्तर सप्तपर्णी म्हणायचे आणि ते मास्तर असल्यामुळे बाकीचेही तेच म्हणायचे. चंपूताईंना दोन्ही पटत नव्हतं. "सावरीला काटे असतात, कापूस निघतो. याला काटा नाही, कापूस नाही. सप्तपर्णीचं पान तोडलं की चीक येतो, याला येत नाही. मग हे सप्तपर्णी कसं?" असं त्या मास्तरांच्या दारात उभ्या राहून विचारायच्या. मास्तर वर्तमानपत्र वर करायचे.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी फेब्रुवारी सरता सरता ते झाड फुललं. म्हणजे दरवर्षीच फुलायचं, पण आदल्या वर्षी त्या सुमारास मी माहेरी होते. किरमिजी रंगाची बारीक फुलं, झुबक्याझुबक्यांनी. दिसायला गोड. आणि वास असा की मोरी तुंबली असं समजून मी आधी दोन बादल्या पाणी ओतलं. मला तेव्हा तिसरा महिना होता. सकाळी खिडकी उघडली की मी उलटी करायचे, बंद केली की चुलीच्या धुराने गुदमरायचे. आठ दिवसांत मी निम्मी झाले.

नानासाहेबांनी आपल्या वळणदार अक्षरात म्युनिसिपालिटीला अर्ज लिहिला. सदर वृक्षामुळे भाडेकरूंच्या आरोग्यास उपद्रव होत असून तो तोडण्यास परवानगी मिळावी. चारही भाडेकरूंनी सह्या केल्या. यांच्या सहीखाली त्यांनी मलाही करायला लावली. म्हणाले, "तक्रार मुळात तुमची आहे, सूनबाई." मी केली. खरं सांगते, मनापासून केली.

संध्याकाळी चंपूताई आमच्या दारात आल्या. मी भांडणाची तयारी करून बसले होते.

"सही केलीस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बरोबर केलंस. वास येतोच. मी काही येत नाही म्हणत नाही." मग त्या आमच्या छोट्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत दोनदा फिरल्या. "पण इतकी वर्षं दारात उभं आहे आणि आपण त्याला नाव न विचारता तोडायचं, हे मला कसंसंच वाटतं. परवानगीला वेळ लागेल. तोवर मी विचारून घेते."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या निघाल्या. गड्याकडून एक फुललेली डहाळी काढून घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि राणीच्या बागेत जायला भायखळ्याच्या ट्राममध्ये बसल्या. म्हणजे बसल्या नसणारच, पण चढल्या. ही हकीगत त्यांनी मला नंतर तीन वेळा सांगितली आणि तिन्ही वेळा एकदाही हसल्या नाहीत. ट्राम भरलेली होती. पहिल्या थांब्यानंतर लोक आपापले जोडे उलटे करून तळवे बघायला लागले. दुसऱ्या थांब्यानंतर एका बाईने आपल्या मांडीवरच्या मुलाची चड्डी तपासली. मग सगळा डबा एकेक करून पुढे सरकला, आणि मागच्या भागात चंपूताई आणि कंडक्टर असे दोघेच उरले. कंडक्टर बाकांखाली वाकून बघू लागला.

"शोधू नका," चंपूताई त्याला म्हणाल्या. "फुलं आहेत. झाडाचं नाव विचारायला चाललेय."

"बाई, पुढच्या थांब्याला उतरता का?" तो हात जोडून म्हणाला. त्या उतरल्या आणि उरलेली वाट चालत गेल्या. त्यांना ते बरंच वाटलं असणार.

बागेत त्यांना एक म्हातारा माळी भेटला. पुडकं उघडायच्या आधीच त्याने ओळखलं. तशाच एका झाडाखाली त्यांना नेऊन म्हणाला, "जंगली बदाम. दोन आठवडे सोसा, मग वर्षभर गरीब झाड आहे. बी भाजून खातात आमच्याकडे." बुंध्याला पाटी होती. तिच्यावरचं इंग्रजी लिपीतलं नाव चंपूताईंनी अक्षर अक्षर बघून कागदावर काढून आणलं आणि यांच्याकडून वाचून घेतलं. स्टरक्युलिया फेटिडा. यांच्या कचेरीत एक लॅटिन जाणणारे गोवेकर गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की यातला दुसरा शब्द म्हणजे दुर्गंधी, आणि पहिल्याचं मूळही शेणखतातच आहे. "म्हणजे ज्याने नाव ठेवलं त्यालाही वास आलाच होता," चंपूताई म्हणाल्या. हे एवढं त्यांना फार आवडलं.

नाव कळल्यावर त्या स्वस्थ होतील असं आम्हाला वाटलं होतं. उलटंच झालं. बी भाजून खातात हे शब्द त्यांनी धरून ठेवले. फुलं गळली, पानं आली. मग हिरवी बोंडं धरली, एका देठाला चार-पाच, मुठीएवढी. पावसाळाभर त्या रोज मान वर करून ती मोजायच्या. ऑक्टोबरात मला मुलगी झाली. तिला बघायला आल्या तेव्हाही त्यांनी आधी नाव विचारलं, आणि अजून ठेवलं नाही म्हटल्यावर "लवकर ठेवा" म्हणून लगेच गेल्या.

डिसेंबरात परवानगीचा कागद आला. नानासाहेबांनी एका लाकूडतोड्याला सांगून टाकलं की संक्रांत झाली की या. चंपूताई म्हणाल्या, "नाना, बोंडं अजून पिकायची आहेत."

"चंपू, तू ती खाणार आहेस का?"

"हो."

नानासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. बहिणीशी त्यांचं बोलणं बहुतेक इथेच संपायचं.

बोंडं लाल झाली, मग तपकिरी आणि लाकडासारखी कडक, आणि जानेवारी लागला तशी एकेक उकलून पडू लागली. प्रत्येक बोंड उघडल्यावर लहान होडीसारखं दिसायचं, आणि आतल्या कडेला काळ्या बिया ओळीने चिकटलेल्या. चंपूताईंनी पहिल्या दिवशी चार बिया फोडून कच्च्याच खाल्ल्या. आम्ही कुणी खाऊन बघण्याआधी आपण खाऊन बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्या रात्रीचं मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी गुळाच्या पाण्यावर होत्या, पण व्हरांड्यातल्या फेऱ्या चालूच. तिसऱ्या दिवशी कढईत वाळू तापवून त्यांनी बिया भाजल्या. वरचं काळं टरफल तडकलं, आतला गर बदामी झाला. चार खाल्ल्या, दिवसभर थांबल्या. दुसऱ्या दिवशी दहा खाल्ल्या. मग मला एक आणून दिली. शेंगदाण्यासारखी लागली, पण जास्त तेलकट आणि मागाहून किंचित कडवट.

"तुला अंगावर पाजायचं आहे. चव बघायला ही एकच. पुढे दोन दिवस थांब," त्या म्हणाल्या. "मला काही झालं नाही तर मग खा."

या सगळ्यात शहर पेटलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरगावात माणसं रस्त्यावर उतरली. दुकानांच्या फळ्या लागल्या. अश्रुधूर आमच्या खिडकीपर्यंत यायचा. कोपऱ्यापलीकडे गोळी चालली की आधी आवाज यायचा, मग पळणाऱ्यांच्या चपलांचा आवाज, मग काहीच नाही. संचारबंदी लागली. लाकूडतोड्या अर्थातच आला नाही. भाजी नाही, नारळ नाही, दूध आलं तर आलं. नानासाहेबांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. कचेरीला जाणाऱ्यांपुरतं तेवढं दार उघडायचे. ते म्हणायचे, "आपण पेन्शनीत आहोत. आपल्याला यात पडायचं नाही."

चंपूताईंनी परसातली सगळी बोंडं वेचली. दिवसभर त्यांची चूल पेटलेली असायची. भाजलेला गर पाट्यावर वाटून नारळाऐवजी त्यांनी आमटीला लावला, वालाच्या बिरड्याला लावला, आणि चारही बिऱ्हाडांत वाटणाचा गोळा पोचता केला. गुप्ते मास्तरांनी विचारलं, "हे सप्तपर्णीचं का?" त्या म्हणाल्या, "बदामाचं. खा." मास्तरांनी खाल्लं. नानासाहेबांच्या ताटातही तेच होतं. त्यांनी विचारलं नाही आणि चंपूताईंनी सांगितलं नाही, पण त्यांनी आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली.

त्यातच एक दिवस हे कचेरीतून परत आले नाहीत.

संध्याकाळी आले नाहीत, रात्री आले नाहीत. सकाळी मी मुलीला घेऊन व्हरांड्यात नुसती उभी होते. चंपूताईंनी मुलगी माझ्याकडून काढून घेतली. फेऱ्या घालता घालता त्यांनी मला एकेक प्रश्न विचारला. कचेरी कुठे, सोबत कोण असतं, त्यांच्यापैकी कोण कुठे राहतं. मला एकच नाव आठवलं, लालबागचे सावंत. चाळही आठवली, कारण गणपतीत आम्ही तिथे गेलो होतो.

"चालत दीड तास," चंपूताई म्हणाल्या. मुलगी त्यांनी गुप्तेकाकूंकडे दिली आणि भाजलेल्या बियांची पुरचुंडी कमरेला खोचली. मग नानासाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"नाना, किल्ली दे."

"बाहेर गोळ्या चालल्यात."

"आता संचारबंदी उठलीय दुपारपर्यंत. दे."

"तू बाईमाणूस एकटी जाऊन काय करणार आहेस?"

"चालणार आहे," त्या म्हणाल्या. "मला दुसरं येतं काय? तीस वर्षं तुझ्या व्हरांड्यात चालतेय. आज एकदा उपयोगाचं चालू दे."

नानासाहेबांनी जानव्यावरची गाठ सोडवायला घेतली, पण ती काही सुटेना. शेवटी चंपूताईंनीच ती दाताने सोडवली.

तो दिवस मी कसा काढला ते मला नीट आठवत नाही. नानासाहेब उघड्या दारात खुर्ची टाकून बसले होते, एवढं आठवतं. संचारबंदी पुन्हा लागली तरी त्यांनी दार लावलं नाही.

चंपूताई उन्हं उतरल्यावर आल्या. एका चपलेचा अंगठा तुटलेला, पाय धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे. त्यांनी आधी माझ्या हातात चिठ्ठी दिली. यांचंच अक्षर होतं. पळापळीत पडून घोटा मुरगळला आहे, सावंतांकडे आहे, काळजी करू नकोस, गाड्या सुरू झाल्या की येतो. मी चिठ्ठी वाचून खाली बसले आणि मोठ्याने रडले. चंपूताई उभ्याच होत्या. "रड," म्हणाल्या, "पण मुलीला घे आधी. ती मघापासून भुकेली आहे."

वाटेतलं त्यांनी मला पुढे तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. भायखळ्याच्या पुलाजवळ पोलिसांनी अडवलं. एका हवालदाराला त्यांच्या कमरेची पुरचुंडी दिसली.

"त्यात काय हाय? दगड?"

चंपूताईंनी गाठ सोडली. काळ्या गोल बिया बघून त्याचा संशय वाढलाच. तेव्हा त्यांनी एक बी दाताखाली फोडून त्याच्यासमोर खाल्ली. "जंगली बदाम. आमच्या परसातले. घ्या."

तो घेईना. "कुठं निघालाय?"

"शेजारणीचा नवरा कालपासून आला नाही. तिला तीन महिन्यांचं मूल आहे. जिवंत आहे का बघायला चाललेय."

हवालदाराने हात पुढे केला. त्यांनी त्याच्या हातात मूठभर बिया घातल्या आणि त्याने तिथेच काठी काखेत धरून त्या फोडून खाल्ल्या. त्यांनी विचारलं, "जेवलात कधी?" तो म्हणाला, "काल सकाळी." त्याचं गाव साताऱ्याकडचं होतं. नाव त्यांनी विचारलंच होतं आणि मला सांगितलंही, पण त्याच्या नोकरीला बाधा नको म्हणून इथे लिहीत नाही. परतताना तो तिथेच उभा होता. त्याने तोंड फिरवून त्यांना जाऊ दिलं.

शहर शांत झाल्यावर, हे काठी टेकत का होईना घरी आल्यावर, मी नानासाहेबांकडे गेले. म्हटलं, "त्या अर्जावरची माझी सही मला काढायची आहे."

ते हिशेबाच्या वहीत काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "सही काढता येत नाही, सूनबाई." मग पान उलटून म्हणाले, "परवानगीचा कागद मी बंबात घातला."

बहिणीशी ते याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात झाड पुन्हा फुललं आणि आम्ही सगळ्यांनी दोन आठवडे खिडक्या लावून घेतल्या.

चंपूताई त्यानंतर घरात आणखीच कमी टिकायला लागल्या. एकदा बाहेर पडलेली ती बाई पुन्हा व्हरांड्यात मावेना. मोर्चा असला की त्या जायच्या. घोषणा देताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. कडेकडेने भराभर चालायच्या आणि कुणाला भोवळ आली, कुणाची चप्पल तुटली, तर तिथे असायच्या. घरी आल्या की पाय चेपून घेतील असं वाटायचं, तर उभ्याने पाणी पिऊन पुन्हा निघायच्या. मी एकदा विचारलं, "चंपूताई, एवढं कशासाठी?" त्या म्हणाल्या, "मुंबई मिळायला हवी म्हणून तर आहेच. पण शालू, तिथे बाईला कुणी बस म्हणत नाही गं."

आम्ही दोन वर्षांनी दादरला गेलो. यांची कचेरी बदलली, जागा मोठी मिळाली. सुरुवातीला चंपूताई महिन्यातून एकदा यायच्या, अर्थात गिरगावातून चालत. दारात उभ्या राहून मुलीची चौकशी करायच्या आणि "येते" म्हणायच्या. मग यायच्या थांबल्या. गुप्तेकाकूंकडून कळलं की नानासाहेबांना अर्धांगवायू झाला आहे.

मी मुलीला घेऊन भेटायला गेले तो महिना जानेवारीचा होता. मुंबईसह महाराष्ट्र होणार हे तोवर जवळजवळ ठरलं होतं. घरात शिरून आधी मागे गेले. परसात बोंडं उकलून पडली होती आणि कुणी वेचली नव्हती.

नानासाहेबांची खाट खिडकीशी आणली होती. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. खाटेशेजारी खुर्ची होती आणि तिच्यात चंपूताई बसल्या होत्या. नानासाहेबांनी डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं होतं.

"ये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला उठता यायचं नाही. मी उठले की तो घाबरतो, रडतो. झोपला तरी हात सोडत नाही."

"किती दिवस झाले?"

"दिवाळीपासून. सकाळी गडी येतो तेवढा वेळ सुटका." मग त्यांनी विचारलं, "ठरलं म्हणतात ना? राज्य होणार?"

"होणार म्हणतात."

"बरं झालं." त्यांनी मानेने परसाकडे खूण केली. "थोडं वेचून भाजून देतेस? बारीक कुटून दुधात घातलं तर तो खातो. दुसरं काही घेत नाही."

मी वेचलं, भाजलं, कुटलं आणि वाटीत दूध घालून आणलं. चंपूताईंनी मोकळ्या हाताने एकेक चमचा त्यांना भरवला. प्रत्येक घोटाला थांबून ओठ पुसले. कुठे घाई नाही, वैताग नाही. इतकी संथ बाई मी त्या घरात कधी पाहिली नव्हती.

निघताना मी वाकून नमस्कार केला, तेव्हा मला खुर्चीखालचं दिसलं. त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर एकामागून एक पडत होते, न थांबता, आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून. नानासाहेबांना काही कळत नव्हतं. ते हात धरून शांत झोपले होते.